लाउडस्पीकर व अ‍ॅम्प्लिफायर यांचा मेळ

हल्लीं कित्येक घरांत संगीत ऐकण्यासाठीं उंची स्पीकर येतात. कोणी ते नवे घेतो, कोणी जुन्या बाजारांतून थोडक्या पैशांत मिळवितो. मग प्रश्न उभा राहतो कीं, त्यांस अ‍ॅम्प्लिफायर कोणता जोडावा? बेताचा पैसा एकदांच खर्च होतो. म्हणून या निवडीचीं मूळ तत्त्वें येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

कुंडलच्या मुलांस पंपाचें उदाहरण लवकर पटेल. शेजारीं १९१० सालीं वसलेल्या किर्लोस्करवाडींत पंपांचाच कारखाना आहे. विहिरीवर पंप बसवितांना शहाणा शेतकरी केवळ अश्वशक्ति विचारीत नाहीं. पाणी किती उंच चढवावयाचें व नळ किती रुंद आहे, हें आधीं पाहतो. वॅट ही अ‍ॅम्प्लिफायरची अश्वशक्ति होय. स्पीकर कसा आहे हें न पाहतां नुसते वॅट मोजणें म्हणजे विहीर न पाहतां पंप आणणें होय.

स्पीकरचे दोन गुण पाहावे. पहिला संवेदनक्षमता. एक वॅट शक्ति दिली असतां एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज होतो, हें या आंकड्यावरून कळतें. तीन डेसिबल वाढविण्यास शक्ति दुप्पट लागते, सहास चौपट व दहास दसपट. म्हणजे ९० डेसिबलांचा स्पीकर २० वॅटांत जेवढा गाजेल, तेवढें गाजण्यास ८४ डेसिबलांच्या स्पीकरास ८० वॅट हवेत. कुस्तीच्या मैदानावर लावतात त्या कर्ण्यांची संवेदनक्षमता पुष्कळदां १०५ डेसिबलांच्या आसपास असते; म्हणून थोड्या शक्तींतहि त्यांचा आवाज दूरवर जातो. पण सतारीचा नाजूकपणा त्यांत उतरत नाहीं. उलट, बीबीसीनें १९७० च्या दशकांत बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठीं तयार केलेला एलएस३/५ए हा चिमुकला स्पीकर आवाजाच्या खरेपणाबद्दल नांवाजला गेला. परंतु त्याची संवेदनक्षमता अवघी ८३ डेसिबलांच्या जवळपास होती.

दुसरा गुण विद्युत्प्रवाहास होणारा विरोध. तो ओममध्यें सांगतात. स्पीकरच्या पाठीवर ८ ओम लिहिलें असलें, तरी स्वर बदलतो तसा हा विरोधहि बदलतो. कांहीं स्पीकरांत तो ४ ओमांच्याहि खालीं उतरतो. मग रुंद नळाप्रमाणें स्पीकर अधिक प्रवाह ओढूं लागतो. २० व्होल्टांवर ८ ओमांस अडीच अँपिअर पुरतात, ४ ओमांस पांच लागतात. जो अ‍ॅम्प्लिफायर ८ ओमांस ५० वॅट व ४ ओमांस १०० च्या जवळपास देतो, तो भक्कम समजावा. ४ ओमांचा आंकडा दिलाच नसेल, तर चौकशी केल्यावांचून तो घेऊं नये.

लहान अ‍ॅम्प्लिफायरनें स्पीकर बिघडत नाहीं, असा एक समज आहे. तो खरा नाहीं. शक्ति अपुरी असतां आवाजाचें बटन पिळीत गेलें कीं, लहरींचे माथे छाटले जातात. त्यांतून नवे तीव्र स्वर उत्पन्न होतात, आणि उंच स्वरांसाठीं असलेल्या छोट्या स्पीकरची बारीक तार तापून जळूं शकते. आवाज फाटूं लागतांच बटन मागें घ्यावें.

आतां खर्चाविषयीं. दिमाखदार दिवे व नाना बटनें यांस पैसा घालवूं नये. लहान खोलीस प्रचंड शक्ति नको. मोकळ्या जागेंत ऐकण्याचें अंतर निम्में केलें, तर सहा डेसिबल, म्हणजे चौपट शक्तीइतका लाभ होतो. खोलींत तो कांहींसा कमी, पण फुकट मिळतो! जुना अ‍ॅम्प्लिफायर घ्यावयाचा तर आपलाच स्पीकर जोडून अर्धा तास ऐकावें. तो अति तापतो काय, घरघरतो काय, हें पाहावें. इतकें करूनहि योग्य यंत्र ऐपतीबाहेरचें ठरलें, तर कर्ज काढण्यापेक्षां अधिक संवेदनक्षम स्पीकर निवडणें शहाणपणाचें.

मुलांनो, वडिलांबरोबर दुकानांत जाण्यापूर्वीं आपल्या स्पीकरचे डेसिबल व ओम वहींत लिहून घ्या. ते दोन आंकडे जवळ असले, म्हणजे विक्रेत्याच्या गोड बोलण्यापेक्षां तुमचें गणितच अधिक उपयोगीं पडेल.