रिझर्व्ह पॅराशूट कुणी बांधलं? आधी हे विचारा, मग पैसे भरा

बेळगाव, प्रतिनिधी :

पावसाळा ओसरला, आभाळ निवळलं की मोबाईलवर तोच व्हिडीओ फिरायला लागतो. विमानाचं दार उघडं, वाऱ्यानं गाल फुगलेले, पाठीला बांधलेला प्रशिक्षक अंगठा दाखवतोय आणि खाली ‘बुकिंग सुरू’. इंदूर-उज्जैनकडच्या मराठी मंडळींना हे आता नवीन नाही. मध्य प्रदेश पर्यटन खात्यानं उज्जैनजवळच्या दताना धावपट्टीवर गेल्या काही वर्षांत १०,००० फुटांवरून उड्यांचे महोत्सव भरवले आहेत. म्हैसूरला दसऱ्याच्या सुमारास असे कार्यक्रम झाले, हरियाणात नारनौलला केंद्र आहे. एका उडीचा खर्च पंचवीस-तीस हजारांच्या घरात जातो. एवढे पैसे मोजणारा माणूस व्हिडीओ कोण काढणार हे चार वेळा विचारतो. पॅराशूट कुणी बांधलं हे सहसा कुणी विचारत नाही.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. पॅरासेलिंग, पॅराग्लायडिंग आणि स्कायडायव्हिंग या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बोटीला दोर बांधून वर खेचतात ते पॅरासेलिंग. डोंगराच्या कड्यावरून आधीच उघडलेलं छत घेऊन धावत उडतात ते पॅराग्लायडिंग. कामशेतला चालतं ते हे. विमानातून बंद पॅराशूट पाठीवर घेऊन उडी मारायची आणि हवेत ते उघडायचं, ते स्कायडायव्हिंग. धोके वेगळे, शिक्षण वेगळं, कागद वेगळे. एकाचं प्रमाणपत्र दुसऱ्याला चालत नाही.

गोव्यात जानेवारी २०२५ मध्ये पेडणे तालुक्यातल्या केरीच्या पठारावर झालेला अपघात पॅराग्लायडिंगचा होता. पुण्याहून आलेली एक पर्यटक तरुणी आणि तिचा नेपाळी पायलट, दोघंही गेले. मालकावर मांद्रे पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि धंदा परवान्याविना चालू असल्याचं समोर आलं. खेळ वेगळा असला तरी प्रश्न तोच आहे. पैसे घेणाऱ्याकडे काय कागद आहेत हे गिऱ्हाइकाला कधी कळतं? तर अपघातानंतर, बातमीत.

हौशी माणूस पहिली उडी मारतो ती बहुतेक वेळा ‘टँडम’ असते. म्हणजे प्रवासी पुढे, प्रशिक्षक मागे, दोघांचे हार्नेस कड्यांनी एकमेकांना जोडलेले. दोघांचं वजन मिळून पडण्याचा वेग फार वाढतो, म्हणून उडी मारताच प्रशिक्षक ‘ड्रोग’ नावाचं छोटं पॅराशूट सोडतो आणि वेग ताशी १९०-२०० किलोमीटरवर धरतो. पहिले हजार फूट पडायला साधारण दहा सेकंद, पुढचे प्रत्येक हजार पाच-साडेपाच सेकंदांत. १०,००० फुटांवरून निघालं आणि ५,००० वर मुख्य पॅराशूट उघडलं, तर मोकळं पडणं अर्ध्या मिनिटाचंच. पुढची चार-पाच मिनिटं छताखाली तरंगत खाली यायचं.

या सगळ्यात प्रवाशाच्या हातात काहीही नसतं. पाय वर घ्या म्हटलं की घ्यायचे, एवढंच. एकटा शिकणारा निदान स्वतःचं हँडल ओढायला शिकतो. टँडमवाला सगळा भरवसा दुसऱ्यावर टाकतो. म्हणून कागद बघायची गरज त्यालाच जास्त.

पाठीवरच्या पिशवीत पॅराशूट दोन असतात. मुख्य पॅराशूट प्रत्येक उडीनंतर पुन्हा घडी घालून बांधतात. सरावलेला माणूस ते दहा-वीस मिनिटांत उरकतो. त्यात गडबड झाली, दोऱ्या गुंतल्या, तर ते तोडून टाकायचं आणि राखीव म्हणजे रिझर्व्ह उघडायचं. मुख्य पॅराशूट एका हँडलनिशी सुटावं यासाठी आज जी तीन कड्यांची युक्ती वापरतात, ती अमेरिकेतल्या बिल बूथ यांची. १९८० च्या दशकात टँडमचा जोडपट्टा आणण्यातही त्यांचा वाटा मोठा होता.

रिझर्व्ह मात्र कुणीही बांधायचं नसतं. अमेरिकेत ते फक्त परवानाधारक ‘रिगर’ बांधतो, वर दोरा आणि शिशाचं सील लावतो आणि कार्डावर तारीख घालून सही करतो. वापर झाला नाही तरी दर १८० दिवसांनी ते उघडून, तपासून पुन्हा बांधावं लागतं. हे कार्ड पिशवीबरोबरच असतं. दुकानदाराला जसं खातं, तसं हे कार्ड. तारीख, सही, सील. ज्याला हिशेब वाचता येतो त्याला हे कार्डही वाचता येतं, त्यासाठी पायलट असायची गरज नाही.

तिसरी गोष्ट ‘एएडी’. हे छोटं यंत्र उंची आणि वेग मोजत असतं. ठराविक उंचीखालीही माणूस वेगानं पडतच असेल, तर ते स्वतःहून रिझर्व्ह उघडतं. जर्मनीत बनलेलं ‘सायप्रेस’ १९९१ मध्ये बाजारात आलं आणि या खेळाचं चित्र पालटलं. अनुभवी माणसाच्या यंत्राची उंची ७५० फूट ठेवलेली असते. त्या वेगानं तिथून जमीन चार-साडेचार सेकंदांवर. टँडमचं यंत्र बरंच वर, १,९०० फुटांवर चालतं. या यंत्रालाही आयुष्य आणि देखभालीच्या तारखा असतात.

या सुधारणांचा परिणाम आकड्यांत दिसतो. अमेरिकेत १९७० च्या दशकात वर्षाला सरासरी चाळीसहून जास्त लोक पॅराशूटच्या खेळात मरत. २०२४ मध्ये तिथे सुमारे ३८ लाख ८० हजार उड्या झाल्या आणि मृत्यू ९. एक गोष्ट ऐकून आश्चर्य वाटेल. तिथले बरेच मृत्यू पॅराशूट न उघडल्यानं होत नाहीत. छत नीट उघडलेलं असतं, माणूस अनुभवी असतो, आणि जमिनीजवळ वेगानं वळण घेण्याच्या नादात तो आपटतो.

पण कागद खोटा असेल तर यंत्र काय करणार? कॅलिफोर्नियातल्या लोडाय इथं ऑगस्ट २०१६ मध्ये पहिल्यांदाच उडी मारणारा १८ वर्षांचा मुलगा आणि त्याचा टँडम प्रशिक्षक दोघंही मरण पावले. चौकशीत कळलं की त्या प्रशिक्षकाकडे वैध टँडम प्रमाणपत्रच नव्हतं. ज्यानं त्याला ‘शिकवलं’, त्याचा स्वतःचा परीक्षकाचा अधिकार निलंबित होता आणि तो दुसऱ्या परीक्षकाच्या सह्या वापरत होता. २०२४ मध्ये त्याला फसवणुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं गेलं. लागली आठ वर्षं, आणि तेही अमेरिकेत.

तिथे टँडम प्रशिक्षक व्हायला निदान तीन वर्षांचा अनुभव आणि ५०० उड्या लागतात. सर्वांत खालचा ‘ए’ परवाना २५ उड्यांनंतर मिळतो. आपल्याकडे एवढ्या उड्या मारायची सोय थोड्याच ठिकाणी, त्यामुळे शिकू पाहणारे भारतीय स्पेन, दुबई, थायलंडकडे जातात. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये आयुष्यातली पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर मारली, तीही सरावाशिवाय. पुढे २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. धाडस म्हणून ते मोठंच. पण तो कुणी गिरवायचा कित्ता नव्हे.

भारतात नियम कोणाचे? विमान, पायलट आणि हवाई हद्द यांचा कारभार नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए बघतं. खेळासाठी केंद्रानं जून २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात अकरा खेळ आहेत आणि पॅराशूटिंग त्यातला एक. रचना चार पायऱ्यांची : वर भारतीय हवाई क्रीडा महासंघ, त्याखाली प्रत्येक खेळाची राष्ट्रीय संघटना, मग प्रादेशिक वा राज्य पातळीवरच्या संघटना, आणि तळाला जिल्हा संघटना. कागदावर हे ठीक आहे. अडचण तळाला आहे. पर्यटन खातं महोत्सव भरवतं, प्रत्यक्ष उड्या खासगी कंपनी घेते, धावपट्टी तिसऱ्याची. काही बिघडलं तर गिऱ्हाइकानं कुणाच्या दारात जायचं, हे पावतीवर लिहिलेलं नसतं.

बेळगावला पॅराशूट परकं नाही. १९७१ च्या युद्धात ११ डिसेंबरला टांगाइलवर उतरलेली २ पॅरा ही मूळची मराठा पलटण. हवाई दलाची आग्र्याची प्रशिक्षण शाळा देशात सर्वांत जुनी आणि शिस्तीची; पण तिथेही २०२५ मध्ये फेब्रुवारी आणि एप्रिलात हवाई दलाचे दोन अनुभवी जवान उडीत गेले, त्यातले एक कर्नाटकातल्या शिवमोग्ग्याचे. रोज हेच काम करणाऱ्यांवर ही वेळ येते, मग धावपट्टीवर चार दिवसांसाठी तंबू ठोकणाऱ्याला प्रश्न विचारण्यात संकोच कसला?

तेव्हा बुकिंगआधी फोनवरच विचारावं : टँडम प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचं आणि यंदा नूतनीकरण झालेलं आहे का? रिझर्व्हच्या कार्डावर शेवटची तारीख कोणती? एएडी चालू आहे ना? विमा कुणाच्या नावावर, आणि त्यात प्रवासी येतो का? चांगला चालक यावर चिडत नाही, उलट कार्ड काढून दाखवतो. सहीसाठी पुढे केलेला जबाबदारीमुक्तीचा कागद उडीच्या दिवशी विमानाच्या पायरीशी नव्हे, आदल्या दिवशी मागून घरी वाचावा. पाठीचा, मणक्याचा, हृदयाचा त्रास लपवू नये, आणि वजन खरं सांगावं. हार्नेस आणि छत त्यावर ठरतं.

शेवटचा प्रश्न पैशांचा. वारा वाढला, ढग आले तर उडी रद्द होते. अमेरिकेत एकट्यानं शिकणाऱ्यांसाठी ताशी सुमारे २२ किलोमीटर वाऱ्याची मर्यादा आहे. अशा वेळी पूर्ण पैसे परत मिळतात की दुसरी तारीख, की काहीच नाही, हे आधी लेखी घ्यावं. पैसे परत द्यावे लागू नयेत म्हणून वाऱ्यातही विमान वर नेण्याचा मोह चालकाला होऊ शकतो, आणि पाचशे किलोमीटरवरून आलेलं गिऱ्हाईकही ‘होऊन जाऊ द्या’ म्हणतं.