ऑपरेशनआधी ‘उपाशी’ म्हणजे किती उपाशी?

(आकाशवाणीवरील भाषणावरून)

सेमाडोहचा माणूस ऑपरेशनला निघतो तेव्हा सिपनेचे खोरे मागे टाकून, घटांगचा घाट ओलांडून त्याला आधी परतवाडा गाठावा लागतो. मग अचलपूर, नाहीतर थेट अमरावती. ‘उद्या सकाळी उपाशी या’ एवढेच त्याला सांगितलेले असते. आता आपल्याकडे उपाशी म्हटले की उपास आठवतो, आणि उपास म्हटला की साबुदाण्याची खिचडी! राजगिऱ्याचा लाडू देवाला चालतो, भूलतज्ज्ञाला चालत नाही.

का चालत नाही? जागेपणी अन्न उलट वर आले तर आपण खोकतो, गिळतो आणि श्वासनलिका सांभाळतो. भूल दिल्यावर ही राखण थांबते. पोटातले अन्न आणि आम्ल घशात येऊन फुप्फुसात उतरू शकते. अन्नाचा तुकडा अडकला तर श्वास कोंडतो, आणि आम्ल फुप्फुसाला आतून भाजून काढते. कर्टिस मेंडेलसन या न्यूयॉर्कच्या प्रसूतितज्ज्ञांनी १९४६ साली ४४,०१६ बाळंतिणींच्या नोंदी तपासून असे ६६ प्रकार दाखवून दिले. त्यातल्या दोघी घन अन्नाने श्वास कोंडून दगावल्या होत्या. त्यानंतर ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नको’ हा नियम जगभर घट्ट झाला.

तो गरजेपेक्षा जास्त घट्ट झाला, असे माझे मत आहे. भाकरी पोटातून पुढे सरकायला तास लागतात. साधे पाणी निम्मे तर दहा-वीस मिनिटांतच पुढे जाते. जोसेफ लिस्टर यांनी १८८३ सालीच लिहून ठेवले होते की पोटात घन अन्न नको, पण दोन तास आधी कपभर चहा द्यावा. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ साली हाच हिशेब नियमात आणला. तेलकट जेवण किंवा मटण असेल तर आठ तास किंवा जास्त, हलके खाणे आणि गाईम्हशीचे दूध सहा तास, आईचे दूध चार तास, स्वच्छ पातळ पेय दोन तास. पेल्यातून आरपार दिसेल ते स्वच्छ पेय. पाणी आणि कोरा चहा त्यात येतात, ताक येत नाही. दुधाचा चहा, मग तो अर्धा कप का असेना, आपण दुधातच धरावा, कारण दूध पोटात जाऊन घट्ट होते. हे तास धडधाकट माणसाचे. गरोदर बाई, जुना मधुमेही किंवा पोटाचा आजार असलेला रुग्ण यांचे तास डॉक्टरच ठरवतील. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तेच. आणि खर्रा! तोंडात खर्रा ठेवून टेबलावर गेलेला माणूस स्वतःच्या श्वासनलिकेत घालायला सुपारीच घेऊन जात असतो.

मेळघाटातली अडचण वेगळीच आहे. घर पहाटे सोडायचे, नंबर दुपारी लागायचा, आणि आदल्या संध्याकाळपासून पाणीही बंद. सिकलसेल असलेल्या रुग्णाला हे महागात पडते. हा आजार विदर्भात बराच आढळतो, कोरकू बांधवांतही. अंगातले पाणी कमी झाले की त्यांच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. म्हणून सिकलसेलचे कार्ड सोबत न्यावे, दाखवावे, ‘पाणी कधीपर्यंत घेऊ?’ असे स्पष्ट विचारावे. नंबर लांबला तर पुन्हा विचारावे. गरज पडली तर सलाईन लावता येते. आशाताईंनी हे कोरकूत समजावून सांगितले तर त्यासारखे उत्तम नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र पुढेच आहे. एसटी स्टँडवर पोराने हट्टाने बिस्किट खाल्ले. आई ते सांगत नाही, कारण तारीख पुढे गेली तर पुन्हा तेवढा प्रवास, पुन्हा बुडालेली मजुरी. तिची अडचण खरी आहे. तरीही ते बिस्किट भूलतज्ज्ञाला कळलेच पाहिजे. कधी काही तास थांबून त्याच दिवशी ऑपरेशन होते, कधी तारीख बदलते. अडलेली बाळंतीण किंवा अपघाताचा रुग्ण यांना थांबवता येत नाही. कळांनी, दुखण्याने पोट रिकामे व्हायलाही वेळ लागतो, म्हणून तिथे पोट भरलेलेच धरून तयारी करतात. जमले तर कमरेत इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर करतात. पूर्ण भूल द्यावीच लागली तर आम्ल कमी करणारे औषध देऊन, झटपट श्वासनलिकेत नळी बसवतात. पण पोटात काय आहे ते ठाऊक असले, तरच ही तयारी वेळेवर होते.