खुर्ची सोडा, नाटकात शिरा!

तिसरी घंटा नाही, मखमली पडदा नाही, खुर्चीचा नंबरही नाही. इमर्सिव्ह थिएटरमध्ये प्रेक्षक थेट नाटकाच्या घरात शिरतो आणि हवी ती वाट धरतो. या भन्नाट रंगप्रकाराच्या काही चटकदार गोष्टी.

ज्याचं त्याचं नाटक
1981 साली टोरोंटोत जॉन क्रिझँक यांचं ‘तमारा’ एका जुन्या वास्तूत रंगलं. वेगवेगळ्या खोल्यांत एकाच वेळी प्रवेश चालू! प्रेक्षकाने आवडेल त्या पात्रामागे जायचं. नवरा एकाच्या मागे, बायको दुसऱ्याच्या. बाहेर पडल्यावर एकमेकांना गोष्ट सांगायची. पुढे लॉस एंजेलिसमध्ये ते नऊ वर्षं चाललं.

मुखवटा प्रेक्षकाला
लंडनच्या ‘पंचड्रंक’ या संस्थेने ‘मॅकबेथ’वरून ‘स्लीप नो मोअर’ बसवलं. संवाद नावापुरते, सारा खेळ नृत्याचा आणि देहबोलीचा. पांढरे मुखवटे प्रेक्षकांना, बोलायची बंदीही त्यांनाच. न्यूयॉर्कमध्ये हा प्रयोग 2011 ते 2025 गाजत राहिला.

नसलेलं हॉटेल
‘स्लीप नो मोअर’चा न्यूयॉर्कमधला पत्ता होता ‘मॅकिट्रिक हॉटेल’. पण असं हॉटेल तिथे कधी नव्हतंच! जुन्या गोदामांत शंभरेक खोल्या सजवल्या आणि नाव घेतलं हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’तून.

एकासाठी शेकडो
ब्रिटनमधल्या ‘यू मी बम बम ट्रेन’मध्ये प्रेक्षक एकेकटा आत जातो. एकामागून एक प्रसंग त्याच्यावर येऊन आदळतात आणि प्रत्येकात नायक तोच. त्याच्याभोवती राबतात शेकडो स्वयंसेवक.

21 नाट्यगृहांचं गाव
चीनमधल्या झेंगझोऊ शहरात 2021 साली दिग्दर्शिका वांग चाओगे यांची नाट्यनगरी उघडली. छोटी-मोठी 21 नाट्यगृहं. एका दिवसात सगळं बघून होतच नाही.

आपली रामलीला
वाराणसीजवळच्या रामनगरात ही परंपरा जवळपास दोनशे वर्षांची. सुमारे महिनाभर अख्खं गावच रंगमंच. विजेचे दिवे नाहीत, माइक नाही. रामामागून हजारो माणसं अयोध्येहून लंकेपर्यंत चालतात. प्रेक्षक आणि नट यांच्यातली भिंत पाडणारे अमेरिकन दिग्दर्शक रिचर्ड शेकनर हिचा अभ्यास करायला पुन्हा पुन्हा इथे आले.

उद्याचं काय?
खर्च हीच खरी अडचण. न्यूयॉर्कच्या ‘देन शी फेल’मध्ये एका खेळाला फक्त 15 प्रेक्षक असत. त्यावर 2025 मध्ये ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’वरच्या ‘मास्करेड’ने तोडगा काढला: थोड्या थोड्या वेळाने एकेक गट आत सोडायचा, म्हणजे एका संध्याकाळी अनेक खेळ होतात.

मोबाइलच्या पडद्याला न जमणारी गोष्ट या नाटकाकडे आहे: समोरच्या नटाचा श्वास ऐकू येईल इतकी जवळीक. म्हणून त्याला भविष्य आहेच. आपल्याकडेही बंगाली नाटककार बादल सरकारांचं ‘जुलूस’ सत्तरच्या दशकात अमोल पालेकरांनी प्रेक्षकांच्या मधोमध आणलं होतं. मराठी रंगकर्मींनो, जुने वाडे आणि ओस पडलेली गोदामं वाट बघताहेत. आणि रसिकहो, असा प्रयोग लागला, तर पहिलं तिकीट तुम्ही काढा!