विश्लेषण : ‘आय सेंड टुमारो’मध्ये चूक काय? ईमेल आणि फोनवर इंग्रजी वर्तमानकाळ कुठे अडतो?

नांदेड जिल्ह्यातील उमरीहून रेल्वेने निघाले, की धर्माबादनंतर थेट तेलंगणातील बासर लागते. परराज्यातील खरेदीदाराशी रुई, सरकी किंवा हळदीचा व्यवहार अनेकदा फोनवर हिंदीत ठरतो. पण ऑर्डर, इन्व्हॉइस आणि थकलेल्या पेमेंटची आठवण इंग्रजी ईमेलवर जाते. पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांत लागलेल्या इथल्या तरुणांचे तर रोजचे कामच त्या भाषेत चालते. तिथे शब्दसंग्रहापेक्षा क्रियापदाचा काळ जास्त अडचण करतो. माल निघाला, निघतो आहे की निघणार आहे, हे समोरचा त्यावरूनच ठरवतो.

मराठी माणसाची गल्लत नेमकी कुठे होते?

मराठीतील साधा वर्तमानकाळ बरीच कामे करतो. ‘रोज पाठवतो’ ही सवय, तर ‘उद्या पाठवतो’ हा शब्द दिला. क्रियापद एकच. इंग्रजीत मात्र साधा वर्तमानकाळ मुख्यतः सवय, नियम आणि वेळापत्रकासाठी असतो. ‘वी डिस्पॅच ऑर्डर्स ऑन मंडेज’ म्हणजे दर सोमवारी माल पाठवण्याची पद्धत. उद्या पाठवण्याचे आश्वासन द्यायचे असेल, तर ‘आय विल सेंड इट टुमारो’ असेच लिहावे लागते. ‘आय सेंड टुमारो’ वाचून अर्थ लागतो, पण आश्वासन पक्के वाटत नाही.

‘ॲम सेंडिंग’ आणि ‘हॅव सेंट’ यांत फरक काय?

‘वी आर लोडिंग द ट्रक’ म्हणजे काम आता सुरू आहे. ‘वी आर सेंडिंग द ट्रक ऑन फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारची व्यवस्था झाली आहे. ‘वी हॅव सेंट द ट्रक’ म्हणजे ट्रक निघाला. यातले तिसरे वाक्य आधीच लिहून टाकले, तर खरेदीदार गोदाम रिकामे करून, हमाल बोलावून वाट पाहत बसतो.

आणखी एक खाच आहे. मराठीत ‘काल बिल पाठवले आहे’ हे वाक्य बिनचूक आहे. त्याचे शब्दशः ‘आय हॅव सेंट द बिल यस्टर्डे’ केले, की इंग्रजीत चुकते. काल, सोमवारी, १० तारखेला अशी संपलेली वेळ सांगितली, की साधा भूतकाळ येतो : ‘आय सेंट द बिल यस्टर्डे’. वेळ सांगायची नसेल, तर ‘आय हॅव सेंट द बिल’.

‘दोन वर्षांपासून’ कसे सांगायचे?

‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’ हे वाक्य मुलाखतींत सर्रास ऐकू येते. मराठी आणि हिंदीची वाक्यरचना त्यात जशीच्या तशी उतरते. इंग्रजीत मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीसाठी ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स’ असे म्हणतात. कालावधी असेल तर ‘फॉर’, सुरुवातीची तारीख किंवा वर्ष असेल तर ‘सिन्स’ : ‘फॉर टू इयर्स’, पण ‘सिन्स २०२३’.

‘आयएनजी’ कुठे लावू नये?

जाणणे, समजणे, हवे असणे, गरज असणे, सहमत असणे ही क्रिया नसून स्थिती आहे. म्हणून ‘आय ॲम नोइंग’ नव्हे, ‘आय नो’. ‘वी आर नीडिंग’ नव्हे, ‘वी नीड’. ‘आय ॲम हॅविंग अ डाउट’ भारतात चालून जाते. परदेशी ग्राहकाला मात्र ‘डाउट’ म्हणजे अविश्वास वाटू शकतो. तिथे ‘आय हॅव अ क्वेश्चन’ हे सरळ.

फोनवर वेगळी काय काळजी घ्यावी?

फोनवर चालू वर्तमानकाळ जास्त लागतो : ‘आय ॲम कॉलिंग अबाउट द पेमेंट’, ‘आय ॲम चेकिंग, प्लीज होल्ड’. धोका उच्चाराचा आहे. ‘सेंड’ आणि ‘सेंट’ यांतला फरक खराब नेटवर्कमध्ये ऐकूच येत नाही. त्यामुळे वेळेचा शब्द जोडावा : ‘वी सेंट इट धिस मॉर्निंग’. फोन ठेवल्यावर दर, वजन आणि तारीख दोन ओळींच्या ईमेलने पक्की करावी.

काळ चुकला तर पैशांवर परिणाम होतो का?

होऊ शकतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम १०अ नुसार, केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला या कारणावरून करार अमान्य ठरत नाही. म्हणजे ईमेलमधले वाक्य पुरावा ठरू शकते. ‘वी ॲक्सेप्ट युवर रेट’ या वाक्यात साधा वर्तमानकाळ असला, तरी ती सवय नव्हे. तो होकार आहे. अजून विचार सुरू असेल, तर ‘वी आर कन्सिडरिंग युवर रेट’ लिहावे. रुईचा दर खंडीवर म्हणजे ३५६ किलोंवर ठरतो. त्यामुळे शंभर खंडींच्या सौद्यात या दोन वाक्यांमधले अंतर मोठे असते.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात पैसे देण्याची मुदत आहे. लेखी करार असला, तरी ती माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. मालाबाबत हरकत असेल, तर खरेदीदाराने ती १५ दिवसांत लेखी कळवायची असते. अशा वेळी ‘वी हॅव रिसीव्ह्ड द गुड्स’ आणि ‘वी आर चेकिंग द गुड्स’ यांतला फरक व्याकरणापुरता उरत नाही.

शाळेत शिकूनही का अडते?

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी ते पाचवीपासून होते. मात्र, काळ शिकवला जातो तो तक्त्यातून आणि ‘वाक्य बदला’ या प्रश्नातून. वाचणारा त्यावरून काय समजेल, हा प्रश्न परीक्षेत येत नाही.

‘सेंड’ दाबण्याआधी काय तपासावे?

- नेहमीची पद्धत किंवा नियम : ‘वी सेंड’
- आता सुरू असलेले किंवा ठरलेले काम : ‘वी आर सेंडिंग’
- झालेले काम, वेळ न सांगता : ‘वी हॅव सेंट’
- झालेले काम, वेळ सांगून : ‘वी सेंट’
- पुढचे आश्वासन : ‘वी विल सेंड’

तरीही शंका राहिली, तर वाक्य लहान करावे आणि तारीख लिहावी. क्रियापद चुकले, तरी तारखेमुळे गैरसमज टळतो.