ग्रहांच्या अंगणात : लेखांक ७
पॉवरच्या आकड्याला भुलू नका

ग्रह बघायला वांगणी गाठावीच लागते, हा समज आधी काढून टाकू. खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचं आकाशदर्शन भरवतं ते तिथल्या अंधारासाठी. तेजोमेघ, अंधुक दीर्घिका यांना तो लागतोच. गुरू, शनी, शुक्र मात्र इतके तेजस्वी आहेत की घोडबंदर रस्त्याच्या झगमगाटातही मानपाड्याच्या गच्चीवरून ते छान दिसतात. अडचण पश्चिमेची. तिकडे येऊरचे डोंगर क्षितिज अडवतात, त्यामुळे संध्याकाळचा बुध इथून क्वचितच हाती लागतो.

आता खरेदी. खोक्यावर ठळक छापलेला ‘५२५ पट’ हा आकडा वाचूच नका. पुढच्या भिंगाचा किंवा आरशाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुप्पट पटीपर्यंतच चित्र नीट राहतं. ७० मिमीच्या दुर्बिणीला ही मर्यादा १४० पट. पुढे ताणलं की ग्रह मोठा होतो आणि पुसटही. प्रत्यक्षात किती पट मिळते हे काढणं सोपं आहे: दुर्बिणीच्या फोकल लेंग्थला आयपीसच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाच्या, आकड्याने भागायचं. ७०० मिमीची दुर्बीण आणि २५ मिमीचा आयपीस म्हणजे २८ पट. १० मिमीचा लावला की ७०. कडी पुरेशी कललेली असतील तर २८ पटीला शनीचं वेगळेपण कळतं, ७० ला गुरूचे दोन ठळक पट्टे दिसतात. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने गुरूचे चंद्र टिपले ते जेमतेम २० पटीच्या दुर्बिणीने.

म्हणून पहिल्या खरेदीला ७० मिमीची भिंगाची दुर्बीण पुरे. हात थोडा सैल सोडता आला तर ११४ किंवा १३० मिमीची आरशाची घ्या. पण पैसे वाचवायला स्टँडवर काटकसर करू नका, हे मी कळकळीने सांगतो. ७० पटीला पृथ्वीच्या फिरण्यामुळे गुरू दोन-तीन मिनिटांत नजरेबाहेर सरकतो. स्टँड लटपटता असेल तर त्याला परत पकडण्यातच संध्याकाळ जाते आणि मुलं कंटाळून खाली निघून जातात. दुकानातच नळीला हलकी टिचकी मारून पाहा. चित्र लगेच स्थिरावलं पाहिजे. तेवढंही बजेट नसेल तर १०×५० चा बायनॉक्युलर कठड्यावर टेकवून धरा, गुरूचे चारही मोठे चंद्र दिसतील. शनीची कडी मात्र त्यातून सुटी दिसत नाहीत.

खिडकीच्या काचेतून बघू नका, चित्र बिघडतं. दिवसभर तापलेली गच्ची संध्याकाळी उष्णता सोडते आणि ग्रह थरथरतो, तेव्हा जरा उशिरा चढा. एसीच्या खोलीतून आणलेल्या भिंगावर आपल्या दमट हवेत लगेच वाफ धरते. झाकण न काढता दुर्बीण थोडा वेळ बाहेर राहू द्या. पावसाळ्यात भिंगांना बुरशी लागते, म्हणून पेटीत सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच.

काही स्वस्त संचांत आयपीसला लावायचा सूर्याचा काळा फिल्टर निघतो. तो मोडून कचऱ्यात टाका. एकवटलेल्या उन्हाने तो तडकतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो.