मिसरीची डबी, फुगडीची गिरकी

दुपारचं काम आटोपलं की लातूर-नांदेडकडच्या खेड्यांत चार-पाच बाया ओट्यावर टेकतात. कमरेची डबी निघते. तव्यावर काळीभोर होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू, म्हणजे मिसरी, चिमूट चिमूट प्रत्येकीच्या तळहातावर पडते. "लावल्याबिगर परसाकडं होत नाही," एकजण म्हणते. खोटं नाही ते, निकोटीन आतड्याला चाळवतंच. पण डबीसोबत आणखीही काही फिरत असतं : सुनेचं बाळंतपण, सोयाबीनचा भाव, दिवसभरातली स्वतःची पंधरा मिनिटं.

२०१६-१७ च्या 'गॅट्स' या प्रौढांच्या तंबाखू-वापराच्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १७ टक्के बायका तंबाखू वापरताना आढळल्या. डबी काढून घेतली की ती पंधरा मिनिटंही जातात. मग बाई सोडणार कशी?

उत्तराचा एक धागा दूरवर सापडतो. ब्रिटनमधल्या ऑक्सफर्डच्या वल्हवणाऱ्या खेळाडूंवर २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तेच खेळाडू, तेवढीच मेहनत. एकदा एकट्यानं, एकदा एका लयीत सगळ्यांसोबत. सोबत वल्हवल्यावर त्यांची वेदना सोसण्याची ताकद अधिक वाढली. घाम तेवढाच, तरी शरीर स्वतःचं वेदनाशामक, एंडॉर्फिन, जास्त सोडत असावं, असा संशोधकांचा निष्कर्ष. नुसत्या सोबतीनं! मी हे वाचलं तेव्हा मला नागपंचमीची फुगडीच आठवली. हातांची फुली, पावलांना पावलं, अंग मागं झोकलेलं. एकीनं हात सोडला तर दोघी पडतात, म्हणून कुणी सोडत नाही. गिरकीत श्वास आणि पाय एक होतात. निकोटीनची तलफ तर काही मिनिटांतच ओसरते. तेवढा वेळ हात दुसऱ्या हातांत गुंतलेले असले की डबीकडं जाणार कुठून?

दारूच्या, गोळ्यांच्या व्यसनात नुसता खेळ पुरत नाही. तिथं डॉक्टर लागतात, औषधं लागतात. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानं २००९ मध्ये खास बायकांसाठी 'निशिगंध' विभाग काढला, तो याचसाठी की पुरुषांच्या घोळक्यात बाई तोंड उघडत नाही. मुक्तांगणच्या उपचारांत संगीत, योग, खेळही असतात, आणि मला ते औषधाइतकेच मोलाचे वाटतात.

पंचमी वर्षातून एकदा येते. बचत गटाची बैठक मात्र नेमानं भरते. हिशोब झाल्यावर वही मिटा, आणि उठून फेर धरा. आणि घरात कुणी व्यसनात अडकलेलं असेल, तर १४४४६ या सरकारी मदत क्रमांकावर फोन लावा. पैसे पडत नाहीत.