विमानतळ एक, दारं दोन

काही वर्षांपूर्वी मी दुबईहून मुंबईत उतरलो. वडील बीडहून रात्रीच्या गाडीनं मला घ्यायला आले होते. बाहेर येऊन पाहतो तर वडील कुठंच नाहीत! फोन लावला तेव्हा कळलं, रिक्षावाल्याला त्यांनी नुसतं 'विमानतळ' सांगितलं होतं. ते विलेपार्ल्याच्या बाजूला टर्मिनल एकपाशी उभे; मी सहारच्या टर्मिनल दोनपाशी. साखरेचा त्रास असलेला माणूस दोन तास उपाशी उभा होता.

म्हणून सांगतो मंडळी, या विमानतळावर परदेशाची विमानं टर्मिनल दोनलाच येतात. शिवाय डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा वेगळा विमानतळही सुरू झाला आहे. तेव्हा तिकिटावरचं विमानतळाचं आणि टर्मिनलचं नाव आधी नीट वाचा आणि घरच्यांना कागदावर लिहून द्या.

परदेशातून उतरल्यावरचा क्रम ठरलेला असतो. आधी पासपोर्टची तपासणी, मग पट्ट्यावरून सामान, शेवटी कस्टम. शुल्क भरण्यासारखं काही नसेल तर हिरवा मार्ग, असेल तर लाल. यात तासभर सहज जातो. बाहेर थांबलेल्यानं घाबरून जाऊ नये.

शहरात जायला टर्मिनल दोनपाशी आता भुयारी मेट्रो आहे. रेल्वेसाठी दादर किंवा सीएसएमटी, एसटीसाठी मुंबई सेंट्रल गाठता येतं. रात्री उशिरा मेट्रो बंद असते. तेव्हा प्रीपेड टॅक्सी बरी.

वडिलांच्या पाकिटात अजून माझी चिठ्ठी आहे: 'सहार, टर्मिनल दोन.'